दाफिनाचे पिवळे हातमोजे

द्रेनोवित्साच्या टपाल कचेरीत खिडकीमागे दाफिना गातेवा छत्तीस वर्षं बसली. कुणाचा मुलगा सैन्यात गेल्यापासून चार ओळी लिहीत नाही, कुणाची पोर कुणाला चोरून पाकिटं धाडते, सगळं तिला ठाऊक. पण तिच्या तोंडून कधी ब्र निघाला नाही. पोटात ठेवावं तर दाफिनानं, असं गावात म्हणतात. फक्त एक गोष्ट तिच्या पोटात राहत नाही. सप्टेंबर लागला, अंगणाअंगणात पत्र्यावर जाड सालीच्या लाल मिरच्या भाजायला लागल्या, धुरानं सगळ्या गल्लीचे डोळे चुरचुरायला लागले, की मिरच्यांची सालं ओढता ओढता ती म्हणते, "आमच्या वेळी असं नव्हतं हो." मग शेजारणी आपापली पाटी जवळ ओढून घेतात. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी ऐकतात. कारण ती सांगताना दाफिना स्वतःची कणभर गय करत नाही, आणि असं सांगणारं माणूस गावात दुसरं नाही.

गोष्ट तिच्या सोळाव्या वर्षाची, म्हणजे पंचाहत्तर सालची.

गेन्चो तिच्याच गल्लीतला, तिच्याच वर्गातला. उंच, काटकुळा, कान असे की वारा आला तर उडून जाईल म्हणून पोरं चिडवायची. दोघांच्या अंगणांमधे एक आलुबुखाराचं झाड होतं आणि त्याच्या फळांवरून दोन्ही घरच्या आया वर्षातून एकदा तरी भांडायच्या. पोरं मात्र त्या झाडावरून इकडची तिकडे. तुमच्यात तसलं काही होतं का गं, असं बायका हटकून विचारतात. दाफिना म्हणते, "काही नव्हतं. आणि होतं त्याला नाव द्यायला सवड कुणाला होती?"

खरंच सवड नव्हती. सकाळी जुन्या पाणचक्कीखालच्या डोहात उड्या. कलिंगड पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायचं, तास-दोन तासांनी गुडघ्यावर आपटून फोडायचं. दुपारी कुणाच्या तरी ओसरीत रेकॉर्ड प्लेअर, एकच तबकडी, तीही चरे पडलेली. एका जागी अडकली की सगळ्यांनी मिळून पुढचा शब्द म्हणायचा. संध्याकाळी सहाला केस ओले करून विंचरायचे आणि घड्याळाच्या मनोऱ्यापासून सिनेमापर्यंत फेऱ्या मारायला जायचं. अख्खं गाव तिथे फिरायचं. पोरी हातात हात घालून, पोरं चार पावलं मागे, हातात कागदाच्या पुड्यात सूर्यफुलाच्या बिया. रस्ता सगळा टरफलांनी भरायचा आणि सकाळी झाडणारी बाई आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

आणि प्रश्नवह्या. प्रत्येक पोरीकडे एक. प्रत्येक पानावर एक प्रश्न, खाली ओळीनं सगळ्यांनी उत्तरं लिहायची. आवडता रंग कोणता, आवडतं गाणं कोणतं, कोण आवडतं (इथे सगळे फक्त आद्याक्षर टाकायचे आणि मग त्या अक्षरावरून आठवडाभर काथ्याकूट). दाफिनाच्या वहीत एक प्रश्न होता, तुझी सर्वांत मोठी इच्छा काय? कुणी लिहिलं मोटरसायकल, कुणी लिहिलं राजधानीत, सोफियाला राहायचंय. गेन्चोनं लिहिलं, "समुद्र." बस, एवढंच.

आता आमच्याकडे समुद्र बघितला नाही असं पोर विरळा. गिरणीत, डेअरीत काम करणाऱ्यांना युनियनकडून समुद्रकाठी दहा दिवसांची सुट्टी मिळायची. दाफिना चारदा जाऊन आली होती. पण गेन्चोचा बाप सहकारी शेतीचा मेंढपाळ. मे महिन्यात कळप घेऊन डोंगरावर चढायचा तो ऑक्टोबरात उतरायचा. "मेंढ्यांना कुठली आलीय सुट्टी," गेन्चो म्हणायचा. वरवर हसून म्हणायचा, पण डोहाच्या काठावर पडल्या पडल्या दाफिनाचं डोकं खायचा. लाटा किती मोठ्या असतात? खरंच पलीकडचं काही दिसत नाही? खारट म्हणजे किती, लोणच्याच्या पाण्याइतकं? दाफिना म्हणायची, "अरे, पाणी आहे ते, गेन्चो. खूप पाणी." त्याचं काही त्यानं समाधान व्हायचं नाही.

त्या वर्षी ऑगस्टमधे शाळेच्या दारावर कागद लागला. दर सप्टेंबरात वरच्या वर्गातली पोरं दोन आठवडे शेतकामाला जायची. सगळ्या देशातच जायची. जे पिकलं असेल ते तोडायचं, मोठ्या खोल्यांतून ओळीनं झोपायचं, काम थोडं आणि गाणी फार. आमच्या शाळेच्या वाट्याला दरवर्षी यायचे शेजारच्या तालुक्यातले बटाटे. त्या वर्षी आले समुद्राकाठचे द्राक्षमळे. गेन्चोनं कागद वाचला, परत वाचला, आणि मग तो घरापर्यंत पळत गेला. आईला सांगायला नव्हे. आई शेतावर होती. नुसताच पळत गेला.

तर हे असं सगळं सरळ चाललं होतं, आणि दाफिनाला आठवली अवदसा.

ऑगस्टची एकोणतीस तारीख म्हणजे आमच्याकडे सेग्नोव्हेनी. संत योहानाचं शीर उडवलं तो दिवस. म्हाताऱ्या सांगतात, त्या दिवशी पाणी उलटं फिरतं, साप बिळात शिरतात, उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा तिथे तुकडा पडतो. त्यानंतर नदीत उतरायचं नाही. आमची पोरं गळ्यात पक्षाचा लाल रुमाल बांधून वाढलेली, देवाधर्माला हसणारी. पण तीस तारखेला डोहावर गेली, काठावर बसली, पायाचा अंगठाही कुणी बुडवला नाही. "पाणी गार आहे," एक म्हणाला. "हो, गारच आहे," बाकीचे म्हणाले, आणि सगळे घरी आले.

शाळा पंधरा सप्टेंबरला. मधे सोळा दिवस आणि करायला काही नाही.

गावाबाहेर सडकेच्या कडेला सहकारी शेतीची अक्रोडाची रांग होती, वीसेक झाडं. गावातली झाडं पिकायच्या आधी ती पिकायची. सप्टेंबरच्या सुरुवातीचा अक्रोड ज्यानं खाल्ला नाही त्याला काय सांगावं! वरचा हिरवा गर काढायचा, कवच फोडायचं, आत दाणा ओला, पांढरा. त्याच्यावरची पातळ कडू साल नखानं सोलली की जे उरतं ते दुधासारखं लागतं. आठ दिवस उशीर झाला की ती चव गेली. पण त्या हिरव्या गराचा रस हाताला लागला की संपलं. आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळाकुट्ट. लिंबू चोळा, व्हिनेगर चोळा, राख चोळा, तीन आठवडे तो डाग हलत नाही. आणि घरच्या अक्रोडाला क्रूसाच्या सणाआधी, चौदा सप्टेंबरच्या आत, कुणी हात लावायचा नाही अशी गावची रीत. म्हणजे पंधराला शाळेच्या अंगणात ज्याचे हात काळे, तो सहकारी झाडांवर चढला होता. झ्लातारेवा बाई दरवर्षी पहिल्या दिवशी ओळीतून फिरायच्या आणि म्हणायच्या, "हात." दुसरा पुरावा लागत नसे. गावाचा त्या हातांवर जेवढा विश्वास, तेवढा कोर्टावर नव्हता.

दाफिनाची आई डेअरीत होती. तिथले रबरी हातमोजे, पिवळेधमक, कोपरापर्यंत येणारे, घरी दाराआड लटकत असत. दाफिनाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"एकच जोडी आहे," ती गेन्चोला म्हणाली. "एक तू घाल, एक मी."

"मोजे घालून अक्रोड खायचे? मग टोपी घालून अंघोळ पण करू," गेन्चो म्हणाला. "राहू दे तुला. मी वर चढतो, तू खाली सोल."

"आणि बाईंनी हात बघितले तर?"

"तोवर जाईल गं. व्हिनेगर चोळतो रोज." पोरगा सोळा वर्षांचा. अकरा दिवस म्हणजे त्याला अकरा वर्षं वाटत होती.

चार तारखेला, सूर्य डोंगराआड जाताना दोघं रांगेतल्या शेवटच्या झाडाशी गेली. गेन्चो वर, हातात काठी. दाफिना खाली उकिडवी, हातात पिवळे मोजे, सुरीनं गर उडवतेय आणि दाणे फडक्यात टाकतेय. सहकारी शेताचा राखणदार म्लादेन. त्याच्या बंदुकीत छर्‍याऐवजी जाडं मीठ भरलेलं असायचं, म्हणून पोरं त्याला मिठ्या म्हणायची. ते मीठ बसलं की दोन दिवस पाटावर बसता येत नसे. शिवाय तो मोठा नाटकी. पळणाऱ्या पोरांच्या मागे धावताना मधेच "आई गं, मेलो" म्हणून लोळण घ्यायचा, पोरं बघायला थांबली की लगेच उठून कान धरायचा. वर्षानुवर्षं हे सोंग चाललेलं. आमच्या गावातलं शेंबडं पोरही त्याला फसत नव्हतं.

त्या संध्याकाळी तो मक्यातून आला. गेन्चोनं वरूनच उडी टाकली, बंदूक वाजली, मीठ पानांत गेलं, दोघं सुटली. मागून धप्प असा आवाज आला. मग ओरडणं.

गेन्चो थांबला. "पडला."

"सोंग करतोय," दाफिना म्हणाली.

"आवाज वेगळा आहे गं. बघून येऊ."

"चल म्हणते ना." तिनं त्याची बाही धरली आणि ओढलं. आणि तो आला. हे सांगताना दाफिनाच्या हातातली मिरची तशीच राहते.

दुसऱ्या दिवशी कळलं. म्लादेनचा पाय चरात पडून नडगीत मोडला होता. तो तासभर तिथेच पडून होता, मग सडकेनं जाणाऱ्या गाडीवाल्यानं त्याला पाहिलं. चौकशीला आलेल्यांना तो एवढंच म्हणाला, झाडावर कोणीतरी होतं, तोंड दिसलं नाही. दाफिनानं मोजे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या छपरात खुपसले. आईनं दोनदा विचारलं, "अगं, माझे मोजे कुठायत?" ती दोनदा म्हणाली, "मला काय माहीत."

पंधरा तारखेला सोमवार होता. मुलं रांगेत, हातात फुलं, नवे बूट करकरतायत. दाफिना अभ्यासात पहिली, म्हणून शाळेचा झेंडा तिच्या हातात. झेंडा धरणाऱ्यांनी पांढरे सुती मोजे घालायचे असतात, म्हणजे त्या पंधरवड्यात तिचे हात दुसऱ्यांदा मोज्यांत. मिरवून झालं, झेंडा भिंतीशी लावला, आणि झ्लातारेवा बाई म्हणाल्या, "हात."

त्या वर्षी नेहमीची थट्टा नव्हती. माणसाचा पाय मोडला होता. बाई एकेकाचे हात उलटे-सुलटे करत आल्या. कुणाचे पिवळट होते, कालच्या घरच्या अक्रोडांचे, ते त्यांनी सोडून दिले. गेन्चोनं हात पुढे केले. खणून काढलेल्या मुळासारखे काळे, आणि व्हिनेगरनं रोज चोळल्यामुळे कातडी वर आलेली.

"कोण होतं बरोबर?"

"कोणी नाही. एकटा होतो."

"एकटा चढलास, एकट्यानंच खाली वेचले?"

गेन्चोनं हात खिशात घातले. बाई पुढच्या ओळीत आल्या, दाफिनाचे पांढरे मोजे काढायला लावले, तिचा हात मनगटाशी धरून वर केला आणि सगळ्या शाळेला दाखवला. "हे बघा. असे असतात विद्यार्थ्याचे हात."

दाफिना म्हणते, "जमीन दुभंगावी असं बायका गोष्टीत म्हणतात ना, तसं नाही वाटलं मला. खरं सांगू? बरं वाटलं. सुटले, असं वाटलं. मग मी गेन्चोकडे बघितलं, तर तो माझ्याकडे बघतच नव्हता."

त्याच दिवशी निकाल लागला. गेन्चोच्या वर्तनाचे गुण कमी झाले आणि बावीस तारखेच्या ट्रकच्या यादीतून त्याचं नाव गेलं. म्हणजे समुद्र गेला.

तो आठवडा कसा गेला ते दाफिनालाच ठाऊक. गेन्चो भांडला असता तर परवडलं असतं. तो नीट बोलायचा. "वही देतेस का?" "घे." "थँक्यू." सोळा वर्षांत कधी त्यानं तिला थँक्यू म्हटलं नव्हतं. संध्याकाळी फेऱ्या मारताना तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालायचा, हात खिशात. वर्गात पोरी समुद्रावर कुठला झगा न्यायचा यावर खलबतं करत होत्या. दाफिनाची आई तिची पत्र्याची पेटी भरत होती.

गुरुवारी तिला राहवेना. ती शिक्षकांच्या खोलीत गेली. "बाई, गेन्चो एकटा नव्हता. मी पण होते."

झ्लातारेवा बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हात बघू."

दाफिनानं हात दाखवले. स्वच्छ, नखं कापलेली.

"मित्रासाठी जीव तुटतो, चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण खोटं ते खोटंच, दाफिना. जा वर्गात."

आणि ती गेली. मोज्यांचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. जिन्यावरून उतरताना तिच्या जिवात जीव आला. मी तर सांगितलं, त्यांनीच ऐकलं नाही, आता माझा काय दोष? "मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तशी," ती शेजारणींना म्हणते. "त्या एका जिन्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी अक्रोडाच्या झाडाची नाही वाटत."

शनिवारी आईनं तिच्या हातात मिरची-टोमॅटोच्या चटणीची बरणी दिली. "म्लादेनकाकांना देऊन ये. सगळ्या घरांतून गेलं, आपलंच राहिलंय."

म्लादेन अंगणात खाटेवर, पाय प्लास्टरमधे, शेजारी अक्रोडांचं पोतं. स्वतःच्या झाडाचे.

"चौदावी बरणी," तो म्हणाला. "गावाला वाटतंय पाय चटणीनं जुळतो. तिखट आहे का?"

"बेताची आहे, काका."

"ठेव तिथे."

तिनं बरणी ठेवली. निघायच्या ऐवजी ती खाटेशी उभी राहिली. "काका, त्या दिवशी झाडाखाली मी होते."

"माहितेय मला."

"कसं?"

"पिवळे हात गावात कुणाचे असतात गं? डेअरीतल्या बायकांचे. आणि डेअरीतली कुठली बाई दिवेलागणीला माझ्या झाडाखाली उकिडवी बसेल?"

"मग सांगितलं का नाहीत?"

"मी त्या पोराचं तरी कुठे सांगितलं? त्याचं त्याच्या हातांनी सांगितलं." त्यानं तंबाखू चिमटीत घेतली. "तुझं तू सांगशील म्हणून थांबलो होतो. रोज फाटकाकडे बघतोय. दुसरं कामच काय आहे मला?"

"मी बाईंना सांगितलं, काका. आईशप्पथ. त्यांना पटलं नाही. हात बघितले त्यांनी."

"बघितले नाहीत, तू दाखवलेस. आणि मोजे? ते दाखवलेस?"

दाफिनानं हात पाठीमागे घेतले.

"तुम्ही सांगा ना बाईंना," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील."

"पाय माझा मोडलाय. तुझी जीभ शाबूत आहे." मग तो थोडा वेळ तंबाखू मळत राहिला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मी ओरडलो तेव्हा तुम्ही थांबलात. पाचोळ्याचा आवाज बंद झाला, मी ऐकला. म्हटलं, आली पोरं. मग परत वाजायला लागला, लांब लांब."

"गेन्चो येत होता," दाफिना म्हणाली. "मी ओढलं त्याला. मी म्हटलं, सोंग करतायत."

म्लादेननं मान हलवली. "हां. हे मला माहीत नव्हतं."

एवढंच. शिवी दिली असती, काठी फेकली असती, तर ती रडून मोकळी झाली असती. त्यानं बरणी उघडली, बोट बुडवून चाटलं आणि म्हणाला, "मीठ कमी आहे. आईला सांग."

सोमवारी सकाळी सातला शाळेच्या अंगणात ट्रक लागला. पेट्या, वळकट्या, एक अकॉर्डियन, आयांच्या सूचना. गेन्चो फाटकाशी उभा होता. निरोप द्यायला आलो असं त्यानं पोरांना सांगितलं. घरात बसून ट्रकचा आवाज ऐकणं त्याला जमलं नसतं, हे न सांगताही कळत होतं.

दाफिना पेटी घेऊन आली, पेटी खाली ठेवली, आणि काखेतलं वर्तमानपत्र झ्लातारेवा बाईंसमोर उघडलं. कोंबड्यांची पिसं उडाली. आत मोजे. बोटं आणि तळवे काळेभोर, मनगटावर डेअरीचा शिक्का. बाईंनी एक मोजा उलटा केला. आतून पिवळाधमक.

अंगणातला कलकलाट हळूहळू थांबला. दाफिनाची आई पुढे येत होती, ती जागीच राहिली. माझे मोजे, एवढंच ती पुटपुटली.

"कल्पना माझी होती," दाफिना म्हणाली. ती मोठ्यानं बोलली. "म्लादेनकाका ओरडले तेव्हा गेन्चो परत जाणार होता. मीच त्याला ओढून नेलं."

बाईंनी मोजा परत सरळ केला. "मी तुझे हात साऱ्या शाळेला दाखवले," त्या म्हणाल्या. रागावून नाही म्हणाल्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मग त्यांनी खिशातून यादी काढली, पेन्सिलीनं एक रेघ मारली, वर एक नाव लिहिलं. "जागा एकच आहे. दोघांची शिक्षा आठवडाभर त्यानं एकट्यानं भोगली. उरलेली तू भोग. गेन्चो, चढ."

"माझ्याकडे सामान नाही, बाई," गेन्चो म्हणाला.

"ट्रक थांबणार नाही," ड्रायव्हर ओरडला.

मग जी धांदल उडाली ती बघण्यासारखी होती. दाफिनानं पेटी उघडली, झगे, रिबिनी, गुलाबी टॉवेल भराभर आईच्या हातात कोंबले, खाली उरलं घोंगडं, साबण आणि खाण्याचं गाठोडं. ट्रकमधून कुणी ओरडलं, "शर्ट मी देतो रे," कुणी ओरडलं, "चड्डी मात्र कुणी देणार नाही हं," आणि अंगण हसलं. गेन्चोनं पेटी घेतली. दाफिनाकडे बघितलं नाही असं नाही, बघितलं. मग वर चढला. ट्रक वळला, अकॉर्डियन सुरू झालं, आणि धूळ खाली बसेपर्यंत दाफिना गुलाबी टॉवेल हातात घेऊन उभी होती.

ते दोन आठवडे ती रोज दुपारी म्लादेनच्या अंगणात जाऊन त्याचे अक्रोड सोलायची. कुणी सांगितलं नव्हतं, आणि म्लादेननंही का आलीस म्हणून विचारलं नाही. हात कोपरापर्यंत काळे झाले. संध्याकाळी फेऱ्या मारायला बरोबर कुणी नव्हतं. वरचा अख्खा वर्ग समुद्रावर. उघड्यावरचा सिनेमा बंद झाला, खुर्च्या एकावर एक रचल्या गेल्या. पाकोळ्या गेल्या. एक दिवस पाऊस आला तो चार दिवस राहिला, आणि पोरीनं कपाटातला लोकरीचा कोट काढला. समुद्रावर पण पडतोय का पाऊस, एवढीच तिला काळजी.

ऑक्टोबरच्या पाच तारखेला ट्रक परतला. संध्याकाळी ती घड्याळाखालच्या बाकावर बसली होती. गेन्चो आला, शेजारी बसला, मधे बियांचा पुडा ठेवला. उन्हानं नाक सोललेलं. हात अजून थोडे तपकिरी.

"कसा आहे?" दाफिनानं विचारलं.

"मोठा."

"बस?"

"मला वाटलं निळा असेल. बाबांच्या घोंगड्यासारखा करडा होता. दोन दिवस निळा झाला, मग परत करडा." तो बिया फोडत राहिला. "आवाज करतो गं. थांबतच नाही. पहिल्या रात्री झोपच लागली नाही. आणि खरंच, पलीकडचं काही दिसत नाही."

"मी म्हटलं होतं."

"तू म्हटलं होतंस पाणी आहे, खूप पाणी. तसलं नाहीये ते."

दोघं हसली. लोक समोरून फेऱ्या मारत होते, पोरी हातात हात घालून, कोट घालून. पुडा अर्धा झाला. मग गेन्चोनं तिच्याकडे न बघता विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही गं बोललीस? बाई हात बघत होत्या तेव्हा."

दाफिनानं हातातली बी परत पुड्यात टाकली. "भीती वाटली," ती म्हणाली.

गेन्चोनं मान हलवली.

"मला पण वाटत होती," तो म्हणाला.